लेखी खुलासा

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र माझ्या नावाचं नव्हतंच, असं मी सव्वीस दिवस स्वतःला सांगत आलो. पाकिटावर इंग्रजीत श्रीमती पंचफुला मधुकर धकाते, बेसा, नागपूर असं टाईप केलेलं होतं, आणि पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा माझी बायको घरात नव्हती. ती नातीबरोबर सीताबर्डीला बूट घ्यायला गेली होती. बूट! सगळा जन्म चपलेवर काढलेली बाई अडुसष्टाव्या वर्षी पळायचे बूट घ्यायला गेली होती. कशासाठी, तर बँकॉकला एका मैदानात चार तास उभं राहता यावं म्हणून, आणि समोर कोरियाची सात पोरं नाचतील ती पाहता यावीत म्हणून. मी सही केली, पाकीट फोडलं आणि दारातच उभ्यानं वाचलं. पासपोर्टच्या ऑफिसचं पत्र होतं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही असा पोलिसांचा अहवाल आहे, तरी तीस दिवसांच्या आत दोन शेजाऱ्यांच्या सह्यांसह लेखी खुलासा टपालाने पाठवावा, न आल्यास प्रकरण बंद करण्यात येईल. मी ते दोनदा वाचलं. मग माझ्या कपाटातला सर्वांत जाड ग्रंथ काढला, जो या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही आणि आता मीही उघडत नाही, त्यात ते घडी करून ठेवलं आणि हात धुतले. हात का धुतले कोण जाणे. पत्र स्वच्छ होतं.

मी पाटबंधारे खात्याच्या एका कार्यालयात तेहतीस वर्षं बारनिशीत काढली. आलेला प्रत्येक कागद वहीत चढवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, ज्या टेबलाचा असेल त्या टेबलावर पाठवायचा, आणि उत्तर गेलं की त्याची जावक नोंद करायची. एवढंच माझं काम. ज्या कागदांना उत्तर गेलेलं नाही त्यांची यादी दर सोमवारी मी साहेबांपुढे ठेवायचो. साहेब बदलत, यादी बदलत नसे. माझ्या सहकाऱ्यांना पगारवाढीची आणि बदलीची काळजी असायची, मला त्या यादीची असायची. कुठल्यातरी खेड्यातल्या माणसाने कालव्याच्या पाण्याबद्दल विचारलेलं असतं आणि त्याला कुणी काहीच कळवत नाही, हे मला सहन होत नसे. मी स्वभावाने भिडस्त माणूस. साहेबाच्या डोळ्यांत पाहून बोलणं मला कधी जमलं नाही. पण ती यादी ठेवताना मी कधी कचरलो नाही. असा मी. आणि त्याच मी, स्वतःच्या बायकोच्या नावाने आलेला कागद ग्रंथात दाबून ठेवला आणि रोज सकाळी चहा पिताना त्या कपाटाकडे पाठ करून बसलो.

संताप कुणाचा आला होता, हे नीट लिहायला हवं. आधी मला वाटत होतं, त्या सात पोरांचा. संजीवची, म्हणजे माझ्या मुलाची, हैदराबादला बदली झाली आणि त्याची मुलगी रुचिका कॉलेजसाठी आमच्याकडे राहिली, तेव्हापासून ती पोरं या घरात आहेत. एका दुपारी पंचफुला वटाणे सोलत बसली होती, रुचिकाच्या मोबाईलवर ती नाचत होती, आणि पंचफुलाने मान न उचलता विचारलं, "हे पोट्टे इतले घामाघूम होऊन काय सांगून राहिले वं?" रुचिकाने सांगितलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी वाचत होतो, निदान पुस्तक समोर होतं. पण वटाणे सोलायचे थांबले, एवढं मला ऐकू आलं. पुढच्या वर्षभरात तिने त्या सातही जणांना नावं ठेवली: बारक्या, लांबट्या, हसरा, मोठा, आणि अशीच. त्यांची खरी नावं तिला पाठ होती, पण ती म्हणायची, "घरात काय खऱ्या नावानं हाका मारतात?" घरात! एकदा तो मोठा नावाचा पोरगा गाता गाता थांबला, त्याचा घसा गेला होता, आणि हजारो लोकांनी त्याचं उरलेलं गाणं म्हटलं, आणि तो तिथेच बसून रडला. ते पाहून पंचफुलाही पदराने डोळे पुसत होती. तिचे वडील गेले तेव्हा उमरेडला मी तिच्या शेजारी उभा होतो. ती रडली नव्हती. किंवा माझ्यासमोर रडली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं त्या मोबाईलवरच्या पोराच्या कृपेने, आणि मी उठून खिडकी इतक्या जोराने लावली की रुचिका दचकली. "आबा, काहून चिडून राहिले?" ती म्हणाली. मी म्हणालो, धूळ येते.

मग या वर्षी ठरलं की डिसेंबरात बँकॉकला जायचं. रुचिका, तिची मैत्रीण मिनल आणि पंचफुला. तिकिटं मिळाली त्या दिवशी आजी आणि नात स्वयंपाकघरात एकमेकींना धरून उड्या मारत होत्या, आणि संजीव फोनवर हसत म्हणत होता, "बाबा, जाऊ द्या ना आईले. तिनं आजवर काय मागितलं?" म्हणजे मी अडवतो आहे हे त्याने आधीच धरलं होतं. मी कुणालाही अडवलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मला फक्त अर्ज भरायला सांगितलं. कारण या घरातले अर्ज मी भरतो. फ्रीजवर पंचफुलाने यादी चिकटवली होती: बूट, गुडघ्याचा पट्टा, चिवडा, मोठ्या गर्दीत हरवलो तर भेटायची जागा. हॉलमध्ये रोज संध्याकाळी येरझारा, रोज दहा मिनिटं जास्त. आणि एक वही. गाणी चालू असताना लोक मध्येमध्ये काय ओरडतात, कुठल्या ओळीनंतर कुणाचं नाव, ते सगळं त्या कोरियन भाषेतलं तिने देवनागरीत उतरवून घेतलं होतं. सातवी शिकलेली माझी बायको त्या वहीत तास तास बसायची. मी शेजारच्या खुर्चीत. मी आयुष्यभर एक पुस्तक लिहिणार होतो. माझी वही कोरी आहे. तिचं शेवटचं पान भरलं तेव्हा ती म्हणाली, "तुमची एखादी वही पडली असन तर द्या ना."

"मला विचारलं नाहीस," मी एकदा म्हणालो होतो. खूप हळू, जेवताना. तिने वरण वाढत सरळ उत्तर दिलं, "तुमाले गर्दी कुठी सोसते?"

हे खरं होतं म्हणून राग आला. खोटं असतं तर मी वाद घातला असता. आम्ही दोघंही कोष्टी घरातले. माझ्या वडिलांचा माग होता गोळीबार चौकाजवळच्या आमच्या खोलीत, आणि मी लहानपणी कानात कापूस घालून त्या खटखटीखाली वाचत बसायचो. ते शब्द मला त्या आवाजापासून वाचवतील असं वाटायचं. तिच्या वडिलांचा माग उमरेडला, आणि ती आठव्या वर्षापासून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची; लग्नानंतरही वीस वर्षं घरी बसून विणकर सोसायटीचं ते काम केलं तिने. मी त्या तालापासून पळालो, ती त्यात बसली होती. ती एकदा रुचिकाला सांगत होती, "मागावरच्या माणसाले ठेका शिकवा लागत नाई वं. पायानंच समजते." आणि तिचा पाय खरोखरच त्या कोरियन गाण्यावर बिनचूक पडत होता. मी ते पाहत होतो आणि माझ्या कानांना कापूस आठवत होता.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट असेल. कस्तुरचंद पार्कवर ऑर्केस्ट्रा होता, ऑफिसातल्या एकाने मला दोन पास दिले होते. पंचफुलाने निळी साडी नेसली होती. फाटकापाशी रेटारेटी होती, मागून माणसं ढकलत होती, कुणाचं तरी कोपर माझ्या छातीला लागलं, आणि मला एकाएकी श्वास घेता येईना. मी तिचं मनगट धरलं आणि मागे वळलो. तिने काही विचारलं नाही. सायकलवर ती मागे बसली आणि आम्ही घराकडे निघालो. गाणी बराच वेळ आमच्या मागे येत होती. ती मागे बसून, अगदी बारीक, त्यातलं एक गुणगुणत होती. मी म्हणालो, "पुरे." ती थांबली. बास, एवढंच घडलं होतं. चाळीस वर्षं मी ही गोष्ट विसरलो होतो, आणि ज्या दिवशी ती म्हणाली की तुम्हाला गर्दी कुठे सोसते, त्या दिवसापासून तो एक शब्द दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडात येतो. मी तो स्वतःलाच म्हणतो. वाचताना, दाढी करताना, पुरे, पुरे. तिला ते आठवतही नसेल. किंवा तिला तेवढंच आठवत असेल. हे विचारायची माझी हिंमत नाही, आणि हिंमत नाही याचा राग शेवटी तिच्यावरच निघतो.

आता त्या सकाळबद्दल. आमच्या कॉलनीच्या बागेत आम्ही पाचसहा म्हातारे बसतो. मी बहुतेक ऐकतो. वामनराव, तीन घरं सोडून राहणारे, एस.टी.तून निवृत्त झालेले, मला पाहताच मोठ्याने म्हणाले, "काय गा मधुकरराव, वहिनी कोरियाच्या पोट्ट्याईच्या मागं लागल्या म्हणे! सांभाळा बापा. पासपोर्ट आला का बाई गेली."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मधुकररावाईले बी केस रंगवा लागतीन आता. गुलाबी!" पुन्हा हसले.

मीही हसलो. विनोद ऐकून लोक हसतात तसा हसलो, दात दाखवून. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडावर होतं, पुसलं तरी जात नव्हतं. वामनरावांना मी माफ करू शकत होतो, ते तसेच आहेत. पण मी का हसलो? ती माझ्या पाठीशी अर्धं आयुष्य राहिलेली बाई, आणि मी चार म्हाताऱ्यांत तिच्यावर हसलो. या रागाला जायला जागाच नव्हती. तो अंगात घेऊन मी दारापाशी खुर्ची टाकून बसलो, आणि तासाभराने पोलीस आला.

तरुण होता, सभ्य. छातीवरच्या पट्टीवर धम्मानंद असं नाव. हातात कागद. "काका, पंचफुलाबाई धकाते इथंच राहतात काय?"

वरच्या खोलीत जमीन हादरत होती. रुचिकाने गाणं मोठ्याने लावलं होतं आणि पंचफुला त्या सात जणांची खरी नावं एकामागून एक ओरडत होती. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. खणखणीत, कुणाची परवानगी न घेणारा. लग्नापासून आजवर हा आवाज या बाईच्या गळ्यात होता आणि मला तो माहीत नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "त्या सावनेरला राहतात. बहिणीकडे."

त्याने वर पाहिलं. "मंग वर कोण ओरडून राहिलं?"

"नात."

तो हसला. "माझी बायको बी पाहते ते, काका. पागल आहेत साऱ्याच्या साऱ्या." मग कागदाकडे पाहून म्हणाला, "म्हणजे इथं राहत नाईत. तसंच लिहू?"

त्याने विचारलं होतं. मला दुसरी संधी दिली होती. मी म्हणालो, "तसंच लिहा." आणि त्याला पाणी दिलं. तो दोन ग्लास पाणी प्यायला, धन्यवाद म्हणाला, आणि गेला. वरचं गाणं संपलं. पंचफुला खाली आली, चेहरा लाल, केस सुटलेले, म्हणाली, "कोण होतं?" मी म्हणालो, मीटर पाहायला आला होता.

मी खोटं बोलणारा माणूस नाही असं लिहिणार होतो. पण दोन मिनिटांत दोनदा, इतक्या सहज, घोटलेल्या अक्षरासारखं बोललो. तेव्हा मी काय माणूस आहे, याबद्दल मी न लिहिलेलंच बरं.

त्यानंतर पत्र आलं आणि ग्रंथात गेलं. रुचिका रोज कॉलेजातून आल्यावर मोबाईलवर पाहायची आणि म्हणायची, "आजी, अजून रिव्ह्यूमध्येच दाखवून राहिलं. सरकारी काम न वं, टाइम लागते." पंचफुला मान हलवायची. मी म्हणायचो, "हो, वेळ लागतो." मी! ज्याला माहीत होतं की कागदाला वेळ लागत नाही, कागदावर बसलेल्या माणसाला लागतो. दिवस मी मोजत नव्हतो असं नाही. रोज सकाळी डोळे उघडण्याच्या आधी आकडा तयार असायचा. मला वाटत होतं, तीस होतील, प्रकरण बंद होईल, आणि कुणाचाच दोष राहणार नाही. दोष नसलेलं नुकसान. अशी नुकसानं मी फायलींत फार पाहिली होती.

सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी मी चष्मा शोधत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत पंचफुला पाटावर बसली होती. समोर वाटीत कोमट तेल. दहाही बोटं ती एकेक करून तेलात बुडवत होती आणि अंगठ्याने चोळत होती, शेंड्यांवर, बराच वेळ, जसं मूल न्हाऊ घालावं तसं. रुचिका ओट्याला टेकून उभी होती.

"आजी, किती दिवस करशीन? त्यानं काही होत नाई."

"डॉक्टरीणबाई म्हणे, तेलानं रेघा वर येतात."

"कशाच्या रेघा?"

"बोटाईच्या. तुले नाई आठवत? पासपोर्टच्या त्या मशिनीवर माझे बोटं चारदा ठेवले त्या पोरीनं, चारदा लाल दिवा. मंग ती म्हणे, राहू द्या आजी, होऊन जाईन. काय झालं? नाई झालं." ती बोटं उजेडात धरून पाहत होती. "सुतानं खाल्ल्या साऱ्या रेघा. पासपोर्ट अटकला तो माझ्या बोटाईनं अटकला. सरकारले वाटत असन, हे बाई कोण आहे? बोटच नाई हिले."

"अवं, तसं नसते—"

"पुन्हा बोलावलं तर तयार राहिली पायजे. तू तिकीट वापस करू नको. मी करून राहिली ना मेहनत."

मी तिथे उभा होतो. चष्मा माझ्या कपाळावर होता. मला तिचा राग आला, खरंच आला, तिने स्वतःच्या बोटांवर इतक्या मुकाट्याने आळ घ्यावा याचा. अशी कशी बाई, की जिला दुसऱ्या कुणाचा संशय येत नाही? तिच्या जागी दुसरी असती तर तिने माझ्याकडे एकदा तरी पाहिलं असतं. सव्वीस दिवस ती तेल चोळत होती आणि मी शेजारच्या खोलीत वाचत होतो. काय वाचत होतो मी? एक ओळ सांगता येणार नाही.

"तुझ्या बोटांचा काही दोष नाही," मी म्हणालो. माझा आवाज मोठा होता, मलाच परका वाटला. "मी सांगितलं. त्या पोलिसाला. तू इथं राहत नाहीस असं मी सांगितलं. मीटरवाला नव्हता तो, त्याला पाणी पाजून पाठवलं मी. आणि त्यांचं पत्र आलं आहे, ते मी ठेवून दिलं."

रुचिकाने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "आबा, तुमी तर पुस्तकं वाचणारे माणूस न." यापुढे कुणी मला काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पंचफुला पदराला बोटं पुसत होती. एकेक. "कधी आलं पत्र?"

"तीन तारखेला."

"आज?"

"आज एकोणतीस. अजून चार दिवस आहेत."

"आणा."

मी आणलं. तिने ते उलटंसुलटं पाहिलं, इंग्रजी होतं, रुचिकाला दिलं, रुचिकाने वाचून मराठीत सांगितलं. सांगताना पोरीचा आवाज रागाने फाटत होता. पंचफुलाने पूर्ण ऐकलं. मग मला म्हणाली, "काहून बोलले?"

काय सांगणार होतो? वामनराव, कस्तुरचंद पार्क, वरण वाढताना बोललेलं एक वाक्य, तुझा तो आवाज? "माहीत नाही," मी म्हणालो.

"तुमाले वाटलं काय, मी तिथीच राहून जाईन? सहा दिवसाची तर गोष्ट होती. डब्यात लाडू भरून ठेवणार होती मी तुमच्यासाठी." आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "चाळीस वर्सं मी म्हणली, जाऊ द्या, भेकड आहे पण मनाचा सरळ आहे माणूस. मले काय माहीत, खोटं बोलाले याले भेव नाई लागत!"

रुचिका बाहेर निघून गेली. दार आपटलं.

"बसा," पंचफुला म्हणाली. "लिवा. मराठीत लिवा, मले वाचता आलं पायजे."

मी कागद घेतला. हात आपोआप चालू लागला, तेहतीस वर्षांची सवय. उपरोक्त विषयास अनुसरून खुलासा सादर करण्यात येतो की, चौकशीच्या दिवशी काही गैरसमजामुळे अर्जदार पत्त्यावर उपलब्ध नसल्याची माहिती देण्यात आली.

"वाचा." मी वाचलं. "गैरसमज कोणाचा?"

"असंच लिहितात."

"कोणाचा गैरसमज झाला? त्या पोलिसाचा? त्यानं बिचाऱ्यानं तुमी सांगतलं ते लिवलं. माझा? मी तर वर होती. तुमचा? तुमाले माहीत नव्हतं मी इथं राहतो म्हणून?"

"अनवधानाने असं लिहू?"

"म्हणजे काय?"

"लक्ष नसताना."

"लक्ष नव्हतं तुमचं? पाणी पाजलं म्हणता त्याले." ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. "कोणी दिली माहिती ते नाई त्यात. 'देण्यात आली.' भुतानं दिली काय? खोटं हा शब्द लिवा. अन नाव लिवा तुमचं."

"नवरा खोटं बोलला असं सरकारी कागदावर…"

"सरकारी माणसासमोर बोलले ना? मंग सरकारी कागदावर लिवा."

चार मसुदे झाले. प्रत्येकात मी कुठेतरी एक मऊ शब्द ठेवायचो आणि ती तो नेमका काढायची. इतका अचूक साहेब मला कधी भेटला नव्हता. मला तिचा राग येत होता, माझ्या अक्षराचा येत होता, आणि या भाषेचा येत होता, जिच्यात आयुष्यभर मी माणसं पुसून टाकायला शिकलो होतो, करण्यात आले, देण्यात आले, कळविण्यात आले. शेवटी असं झालं: त्या दिवशी मी घरी वरच्या मजल्यावर होते. माझे पती श्री. मधुकर धकाते यांनी मी येथे राहत नाही असे पोलिसांना खोटे सांगितले. मी येथेच राहते.

"अन लिवा, मी गाणं म्हणून राहिली होती."

"ते इथं असंबद्ध आहे."

"लिवा. मी कुठी होती, काय करून राहिली होती, सारं लिवा. लपवाचं काय आहे त्यात?"

मी लिहिलं. तिने सही केली, अक्षर अक्षर थांबून. मग पासपोर्ट ऑफिसच्या पत्रावर बोट ठेवलं: दोन शेजाऱ्यांच्या सह्या पाहिजे होत्या. एक समोरच्या मायाबाईंची तिने स्वतः आणली. दुसरीसाठी ती म्हणाली, "वामनरावाकडे तुमी जा."

मी सकाळी गेलो. वामनराव पायरीवर पेपर वाचत होते. मी कागद दिला आणि दुसरीकडे, त्यांच्या तुळशीकडे पाहत उभा राहिलो. त्यांनी वाचायला वेळ घेतला. मी हसण्याची वाट पाहत होतो; मला ते हसायला हवे होते; हसले असते तर बरोबरीत सुटलो असतो. ते हसले नाहीत. सही केली, पेन खिशाला लावलं आणि हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी असती न, तर म्या बी हेच केलं असतं गा," ते म्हणाले. "बाईमाणसाले कुठवर सोडाव?"

त्यांच्या विनोदाचा मला आला नव्हता तेवढा राग त्या हाताचा आला. मी तो झटकून टाकला. त्यांना कळलंही नाही काय झालं. "तसं नाही," मी म्हणालो, "तसं नाही ते," आणि कागद घेऊन निघालो.

घरी पंचफुलाने पाकीट तयार ठेवलं होतं. मी म्हणालो, मी पासपोर्ट ऑफिसातच नेऊन देतो. "तिथी जाऊन तोंड लपवसान," ती म्हणाली. "पोस्टानं धाडा. पावती भेटते."

पोस्टात महिनाअखेरीची गर्दी होती. रांग दाराबाहेर, मधे मधे लोक घुसत होते, पंखा फिरत होता आणि वारा कुठेच नव्हता. छातीत ते जुनं आवळणं सुरू झालं. मी पाकीट दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. चाळीस मिनिटांनी माझा नंबर आला. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, बटणं दाबली.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

"पंचफुला मधुकर धकाते."

"मोबाईल नंबर?"

मी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं. चार आकडे सांगून झाले. या घरातल्या प्रत्येक कागदावर मी तोच नंबर लिहीत आलो होतो, गॅसच्या, बँकेच्या, मतदानाच्या, तिच्या पासपोर्टच्याही. "नाही," मी म्हणालो. "थांबा. तो माझा आहे."

"मग त्यांचा सांगा."

मला तिचा नंबर माहीत नव्हता. रुचिकाने तिला मोबाईल देऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या फोनमध्ये तो 'घर' या नावाने होता आणि मी कधी आकडे पाहिले नव्हते. आताही चष्मा घामाने धुरकटला होता, काही दिसेना. मी फोन लावला. मागचा माणूस म्हणाला, "काका, बाजूले व्हा ना, जल्दी करा." मी बाजूला झालो नाही.

"काय झालं?" पलीकडून पंचफुला. आवाज कोरडा.

"तुझा नंबर सांग. पाठवणाऱ्याचा नंबर पाहिजे."

ती सांगू लागली, एकेक आकडा, थांबून, माझ्यावर अजून रागावलेली. गलक्यात मला नीट ऐकू येत नव्हतं. "मोठ्यानं सांग," मी म्हणालो. ती मोठ्याने सांगू लागली. मी तिच्या मागून प्रत्येक आकडा ओरडून म्हणत होतो, खिडकीतल्या मुलीला ऐकू जावा म्हणून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जात होता, लोक वळून पाहत होते, आणि मी दहाव्या आकड्यापर्यंत थांबलो नाही. मुलीने पट्टी चिकटवली, पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट न पाहता मागच्या पोत्यात फेकलं.

"गेलं काय?" पंचफुलाने विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.